पाणी कुठवर आलंय

आमच्या नाशकात पूर फुटांत मोजत नाहीत.
दुतोंड्या मारुतीकडे बघतात
आणि एकमेकांना फोन करतात:
गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं.
छातीला म्हटलं
की भांडीबाजारात माल हलायला लागतो.

मी टाकीचा बॉल अडकला म्हणून चढले होते,
पवननगरच्या आमच्याच गच्चीवर.
शेवाळ. बस, एवढंच.
डॉक्टर टाचणी टोचत टोचत अंगठ्यापासून वर आले,
"इथे कळतंय? इथे?"
बेंबीशी आल्यावर मी हो म्हणाले.
डी टेन, इनकम्प्लीट, असं कागदावर लिहिलं.
म्हणजे काय, दिगंबर विचारत राहिला.
मी म्हटलं, पाणी बेंबीला लागलंय.

मग निगार आली, वडाळागावातून, स्कूटीवर,
पिशवीत रबराचे पट्टे आणि स्वतःचा डबा.
पहिल्या दिवशी म्हणाली, ताई,
पायांचं नंतर बघू, आधी खांदे.
यापुढे खांदेच चालणार आहेत.
दोन किलोच्या वाळूच्या पुरचुंड्या
मी जुन्या परकराच्या शिवल्या,
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर,
मधे एक फळी, आणि फळीखाली
अख्ख्या जगाएवढी फट.
तीनदा पडले. चौथ्यांदा पडले तेव्हा
निगार जमिनीवर शेजारी येऊन बसली,
म्हणाली, आता इथूनच वर कसं चढायचं ते शिकू.

फोनमध्ये गजर आहेत.
दर वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं,
नाहीतर बसल्या जागी कातडी कुजते
आणि मला कळतही नाही.
दर चार तासांनी नळी.
हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगून टाकते.
पाय कधी आपण होऊनच उडतो,
शेजारच्या काकू हात जोडतात: हलला गं!
काकू, तो माझं ऐकून नाही हलला.

आठव्या महिन्यात स्पिरिटचा बोळा हातातून निसटला
डाव्या मांडीवर, आतल्या बाजूला,
आणि रुपयाएवढ्या जागेत
गार लागलं.
दिगंबरने पेढे वाटले, अंबडच्या कंपनीत सुद्धा.
पाणी ओसरतंय, पाणी ओसरतंय.
त्यानंतर दोन वर्षं झाली.
रुपयाचे पाच रुपये झाले असतील फार तर.

कंपनीतल्या वेल्डर अल्ताफने
चेकर्ड प्लेटचा उतार करून दिला दाराशी.
म्हणाला, तुमच्या टेबलाजवळचाही आजच बसवलाय,
सोमवारी या.
गेले. स्विचची जुळणी हातांनीच होते,
हात तर आता पूर्वीपेक्षा जाड आहेत,
ब्लाउजच्या बाह्या उसवून घ्याव्या लागल्या.

सकाळी साडेपाचला गोल्फ क्लबच्या मैदानावर जाते.
जानेवारीत चाकाची कड बर्फासारखी लागते,
बोटं कापलेले कंपनीचे हातमोजे घालते.
कानटोपीतले एक आजोबा रोज म्हणायचे,
देव बरं करील.
गेल्या महिन्यापासून म्हणतात, कितवी?
मी म्हणते, पाचवी. ते म्हणतात, माझी तिसरी,
आणि बाजूला होऊन वाट देतात.

परवा मुद्दाम गंगेवर नेलं दिगंबरने.
पायऱ्यांच्या वरच थांबलो, खाली जायचा प्रश्न नव्हता.
दुतोंड्या पार तळव्यांपर्यंत कोरडा,
पोरं त्याच्या पायाशी ओले टॉवेल वाळत घालत होती.
मला हेवा वाटला. वाटणारच.
मग पलीकडची दुकानं दिसली.
एकाच्या भिंतीवर पुराची रेघ, खाली साल लिहिलेलं,
आणि रेघेच्या वीतभर वर
नवी फळी ठोकून
त्याने तांब्याचे गडू मांडले होते.

मी दिगंबरला विचारलं,
एक गडू केवढ्याला, बघून ये.
तो गेला. गजर वाजला.
दोन्ही हात टेकले आणि अंग उचललं,
एकवीस, बावीस, तेवीस,
समोर नदी,
तीसपर्यंत धरलं.